डाव्या हातावरची गोळी

गावात अजून म्हणत्यात, लंकाबाईनं आखाडा बाटवला म्हणून तिचा नवरा गेला. म्हणू द्या मेल्यांना. त्यांच्या जिभेला काय हाड हाय? काय झालं ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. ऐकायचं तर नीट ऐका, मधी बोलू नका.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. मला सातवा महिना हुता. हंडा उचलला की डोळ्यापुढं अंधारी. दवाखान्यातल्या अख्तरी नर्सबाईनं माझी पापणी ओढून बघितली अन् कपाळाला हात लावला. "लंका, अगं रक्त हाय का न्हाई अंगात?" तिनं लाल, चकचकीत गोळ्यांचा डबा दिला. "जेवल्यावर रोज एक. जास्त न्हाई खायची. लोखंडाची गोळी हाय, जास्त झाली तर आतडं जाळती."

डबा घरात आला अन् आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, साळूबाईनं, काखेत मारला. "रक्त वाढवत्यात? मग माझ्या गहिनीला लागत्यात. बायका काय, बिनरक्ताच्याबी बाळंत व्हत्यात!"

गहिनीनाथ पैलवान म्हंजी माझे मालक. देवळालीपासून राहुरीपस्तोर त्यांच्या नावानं हलगी वाजायची. माझी गोळी रोज दुधाबरोबर त्यांच्या पोटात जायला लागली. परसाकडं काळं व्हायला लागलं तर आत्याबाई म्हणायच्या, "अंगातली घाण चालली." मी बोलले की चुलीतलं लाकूड पाठीत.

जत्रंच्या हगाम्यात, म्हंजी कुस्त्यांच्या फडात, शेवटची मानाची कुस्ती त्यांची अन् छगन पैलवानाची ठरली. त्या दिवशी दिस उगवायला आत्याबाईंनी अख्खा डबा त्यांच्या ओंजळीत रिकामा केला. म्या झडप घातली. "अवो, नका! आतडं जळंल!" मालकांनी कोपरानं मला भिंतीवर उडवलं. फुटाण्यावानी गोळ्या तोंडात टाकल्या, वरून तांब्याभर दूध.

न्याहारीच्या वक्ताला ओकारी सुरू झाली. आधी दूध, मग रगत. एवढा मोठा गडी पोट धरून अंगणात लोळत हुता, टाचांनी माती उकरत हुता. आत्याबाई लिंबू उतरीत बसल्या. मी पोट सावरत दवाखान्याकडं पळाले.

ऐकून अख्तरीबाई पांढरीफटक पडली. "दुपारनंतर त्याला बरं वाटंल बघ. ते खोटं असतंय, आत जाळणं चालूच असतंय. कुस्ती खेळला तर मरंल तो. थांबव त्याला. मी जीप घिऊन येते, नगरला न्यायचंय."

दवाखाना लांबचा; घरी आले तवा दुपार कलली हुती अन् मालक न्हाईत. आत्याबाई म्हणाल्या, अंग हलकं झालं म्हणून लंगोट घिऊन गेले.

आखाडा मारुतीचा. तिथं बाईनं पाय ठेवायचा न्हाई. आमी बायका लांब टेकाडावरून बघायचो. त्या दिवशी मी टेकाडावर थांबलेच न्हाई. माणसांच्या गर्दीत शिरले, कोपरं मारत, नखं मारत. मालकांचा वस्ताद सहादेव आडवा आला, त्यानं अशी थोबाडीत हाणली की दात हलला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. सुटले, अन् लाल मातीत जाऊन उभी राहिले. हलगी बंद पडली.

"बाई! आखाड्यात बाई!" म्हणून ढेकळं यायला लागली. एक कपाळावर बसलं, डोळ्यात रगत उतरलं.

मालक समोर हुते. ओठ निळे पडलेले, अंगाला गार घाम. "अवो, चला. मरताल," म्या म्हणलं. त्यांनी माझा अंबाडा धरला. "सटवे, माझी अब्रू घालवली!" एक ठोसा खांद्यात, दुसरा तोंडावर. मी खाली बसले अन् त्यांच्या पायाला मिठी मारली. लहानपणापासून कुस्त्या बघितल्यात, पट कसा काढत्यात मला ठावं हुतं. सगळं बळ लावून म्या त्यांचा पाय उपसला.

पंचक्रोशीत कुणाला पडला न्हवता तो गडी, सातव्या महिन्याच्या बाईला पडला. लोक हसले. शिट्ट्या मारल्या. मग छगननंच वाकून बघितलं अन् वराडला, "आरं, पैलवान उठंना!"

अख्तरीबाईच्या जीपमधी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. "लंका, पानी," म्हणले. ज्या हातानं मारलं त्याच हातानं माझा पदर धरला हुता. नगरच्या अलीकडची सावेडी यायच्या आत तो हात सैल पडला. लई राग हुता मला त्यांचा, अन् लई जीव हुता.

तेराव्याला सहादेव पंचांना घिऊन दारात आला. हिनं आखाडा बाटवला, हिच्या पायानं पैलवान गेला, हिला गावाबाहेर काढा. मी पोटावर हात धरून उभी.

आत्याबाई आतून वरवंटा घिऊन आल्या. मला वाटलं, आता माझ्या डोक्यात घालत्यात. त्या खाली बसल्या अन् उजवा हात दगडी उंबऱ्यावर ठेवला.

"हिनं न्हाई मारला. ह्या हातानं मारला."

अन् वरवंटा घातला. बोटांचा चेंदा झाला. परत उचलला, परत घातला. शेवटी म्याच हिसकून घेतला. पंच पायतान इसरून पळाले.

आत्याबाईंचा हात बांधायला अख्तरीबाई आली तवा माझ्यासाठी नवा डबा घिऊन आली. आत्याबाईंनी तो मागून घेतला.

रातच्याला माझं जेवण झालं तशा त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. डाव्या हातावर एक गोळी. एकच. पुढं लेकरू हुईपस्तोर रोज तसंच. गिळून तोंड उघडून दाखवल्याबिगर जागच्या हलायच्या न्हाईत.