सरलाकाकूंच्या खिडकीतली लिंबाची फांदी

माझ्या उरलेल्या दीड पानाची शपथ, मित्रांनो, यातला शब्दन् शब्द खरा आहे! हसाल तर याद राखा.

मी एक वीतभर लिंबाची फांदी आहे. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात सरलाकाकूंच्या खिडकीत राहते. माझी आई कुंडीतलं कागदी लिंबू. काकूंच्या नवऱ्यानं, वासुदेवकाकांनी, तिला जानेवारीच्या थंडीत बाल्कनीतच विसरलं. ती गोठून गेली. जेवढं हिरवं उरलं होतं, तेवढ्यातून आम्ही सहा बहिणी कापल्या गेलो. काकूंनी आमच्या जखमांना हळद लावली, ओल्या मातीत खोचलं, वरून पावाची पिशवी घातली आणि हीटरशेजारी ठेवलं. इथपर्यंत बाई गुणाची!

पण मग रोज सकाळी, चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातानं आम्हाला एकेकीला उपटून बघायची. मूळ फुटलं का? नाही? खोच परत!

"अगं, राहू दे की जरा," काका म्हणायचे. "कुकर तरी शिट्टीआधी उघडतेस का?"

"कुकर बोलतो हो! ह्या मेल्या गप्प!"

गप्प? अहो, केसाएवढं मूळ काढायला जीव जातो आमचा, आणि ते रोज तुटायचं! एकेक बहीण काळी पडली. पाच गेल्या. आईची आठवण म्हणून घरात मी एकटी उरले, आणि सकाळी पुन्हा ती दोन बोटं माझ्याकडे आली.

मग मात्र मी काटा असा खुपसला की चहा थेट सतरंजीवर!

"आई गं! चावली मला!"

"फांदी चावते होय?" काका हसून हसून खाली बसले.

त्यानंतर तीन आठवडे कुणी मला शिवलं नाही. कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर डोकावलं, तेव्हा काकूंनी न्यूनेन गावातल्या आपल्या बहिणीला फोन लावला. "माझ्या हाताला गुणच आहे, प्रमिला!"

हाताला गुण! ऐकलंत?

मुलांनो, लावलेलं उपटून बघू नका. पाणी द्या, ऊब द्या आणि हात खिशात ठेवा.

बरं, एक कबूल करते. काटा मी खुपसला नाही. मला काटाच नाही. सरलाकाकू तीन आठवडे तापानं अंथरुणात होत्या, म्हणून मी जगले.