मोजे आणि ताटली

१९९३ साल. पूर्व स्लोव्हाकियात, गावाबाहेरच्या रोमा म्हणजे जिप्सी लोकांच्या वस्तीत तेव्हा हातपंप एकच होता, पण योलानाच्या दारात टब मात्र तीन. एक भांड्यांचा, एक कमरेवरच्या कपड्यांचा, एक कमरेखालच्या कपड्यांचा. भांड्यांच्या टबात चुकून मोजा पडला, तर तो टबच टाकून द्यायचा. गावकरी मात्र वस्तीजवळून नाकाला रुमाल लावून जात.

त्या वर्षी तिच्या सहा वर्षांच्या झानेताची शाळेआधीची चाचणी झाली. नापास झालेली पोरं मंदबुद्धींच्या शाळेत जात, आणि वस्तीतली पोरं बहुधा नापासच होत. चाचणी घेणाऱ्या ह्राबोव्स्का बाईंनी टबाचं चित्र पुढे ठेवलं. ताटली, टोपी, मोजे, परकर अशी चित्रं हातात दिली.

"धुवायचं ते यात टाक बरं."

झानेताने ताटली ठेवली आणि थांबली. "बाकीचे टब कुठेत?"

बाईंनी लिहिलं : धुणं म्हणजे काय, हे मुलीला कळत नाही.

निकाल कळताच योलाना तडक कचेरीत गेली.

"बाई, तुम्ही ताटलीबरोबर परकर धुता?"

"अगं, प्रश्न चित्राचा आहे. गावातल्या पोरांनी अर्ध्या मिनिटात सगळं टाकलं."

"मग त्यांच्याकडे जेवायचं बोलावणं आलं, तर मला उपास आहे म्हणून सांगा."

तिला दारातून हलवायला दुसरा उपाय नव्हता. बाईंनी गुरुवारी पुन्हा चाचणी घ्यायचं कबूल केलं.

घरी योलानाने पोरीला समोर बसवलं. "डोळे मीट आणि सगळं एकात टाक."

"शी. आजी मारेल."

"आजीला मी बघते. तिथे त्यांच्यासारखं घाणेरडं वागायचं, घरी आलं की माणसासारखं."

गुरुवारी झानेताने डोळे मिटून सगळं एका टबात टाकलं. मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून तिने साबण मागितला. बाई हरखल्या. त्यांनी लिहिलं : चाचणीमुळे मुलीत स्वच्छतेची जाणीव निर्माण झाली. उत्तीर्ण.

झानेता गावच्या शाळेत शेवटच्या बाकावर आठ वर्षं एकटी बसली; आज ती कोशित्से शहरातल्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. ह्राबोव्स्का बाईंना निवृत्त होताना, वस्तीत स्वच्छता रुजवल्याबद्दल मानपत्र मिळालं. योलाना दहा वर्षांपूर्वी गेली. १९९३ साली चाचणी दिलेली वस्तीतली बाकीची अकरा पोरं मंदबुद्धींच्या शाळेत गेली. त्यांतला देमेतर आता नुसत्या आवाजावरून मोटारीचा बिघाड ओळखतो, आणि गावातला प्रत्येकजण गाडी त्याच्याकडेच नेतो. कागदावर तो अजून मंदबुद्धीच आहे.