एका वाडग्यात चौघांचं जेवण

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. माझ्या शेजारच्या झाऱ्याचाही नाही, आणि तो तर चाळीस वर्षं माझ्याच चुलीपाशी होता. पण मी खोटं बोलत नाही. खोटं बोलायला तोंड लहान लागतं. माझं बघा केवढं!

मी एक जुना काशाचा वाडगा आहे. मुक्काम किन्हवली, तालुका शहापूर.

कासाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि म्हसा गावच्या जत्रेत विकायला मांडलं. माझी मालकीण चिमाबाई तेव्हा ऐन तरुण होती. तिने वाकून मला एक टिचकी मारली. माझा नाद असा निघाला, की पलीकडच्या बैलबाजारात सतरा बैलांनी दावी तोडली आणि ते कान टवकारून माझ्याकडे निघाले. अठरावा आला नाही, कारण तो बहिरा होता. चिमाबाई म्हणाली, "आवाज खणखणीत हाय. हा माझ्या घरात शोभंल." आणि मी तिच्या डोक्यावरच्या पाटीत बसून किन्हवलीला आलो.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी पेज, दुपारी भात, पावसाळ्यात शेतातल्या खेकड्यांचा, चिंबोऱ्यांचा रस्सा. पण माझं खरं नाव झालं ते भांडणं मिटवण्यात.

चिमाबाईला दोन सुना. थोरली सरस्वती, धाकटी वंदना. दोरीवर आधी कुणाचं लुगडं वाळत पडणार, चुलीतली राख कुणी काढायची, असल्या गोष्टींवरून दोघींची जुंपायची. चिमाबाई कुणाची चूक ते कधी विचारायची नाही. ती मला डाळभाताने काठोकाठ भरायची, दोघींच्या मध्ये ठेवायची आणि म्हणायची, "एका वाडग्यात जेवा. वाडगा रिकामा झाला की भांडण मिटलं." थोड्या वेळाने वाडगा रिकामा व्हायचा. दोघी गप्प उठायच्या. चिमाबाई मला उलटा करून सगळ्यांना दाखवायची.

माझी कीर्ती पार शेणवे गावापर्यंत गेली. बांधावरून भांडणारे दोन भाऊ मला मागून घेऊन गेले, ते मला दोन्ही बाजूंनी धरून परत आले. एकदा दोन भजनी मंडळांचं फाटलं. सव्वीस माणसं माझ्यात जेवली आणि तळाला भात उरला. हे मी जरा कमी करूनच सांगतोय.

पण मित्रांनो, कौतुकाचे दिवस फार टिकत नाहीत. सरस्वती नवऱ्याच्या नोकरीपायी मुरबाडला राहायला गेली. घरात भांडायला कुणी उरलं नाही. स्टीलची ताटं आली. मला माळ्यावर टाकलं, एका मोडक्या सुपाशेजारी. नऊ वर्षं मी तिथे धूळ खात होतो. कुणी टिचकीसुद्धा मारली नाही.

माझं नशीब उघडलं ते पाखरांमुळे.

वंदनाचा नवरा रूपेश मुरबाड ते कल्याण जीप चालवतो. त्याने मुलीसाठी, कुणालीसाठी, कल्याणहून एक पिंजरा आणला. आत चार बजरीगर पोपट होते. आमच्याकडे त्यांना सगळे लवबर्डच म्हणतात. त्यातली हिरवी मादी ठकी. पिवळाधमक, सगळ्यांत लहान नर हरभऱ्या. बाकी दोघं निळे. त्यांना नावं ठेवायच्या आतच मारामारी सुरू झाली. दाण्यांची वाटी एक, आणि ठकी वाटीच्या काठावर. कुणी जवळ आलं की चोच उघडून धावायची.

"लवबर्ड म्हणं!" चिमाबाई म्हणाली. "लव कुठं हाय यात? चोच मारते बघ मेली." मग तिला माझी आठवण झाली. "कुणाली, शिडी लाव गो. माळ्यावरनं वाडगा काढ. दोन सुना नांदवल्यात त्यानं, चार पाखरं काय!"

मला चिंचेने घासलं. मी पुन्हा पिवळाजर्द चमकायला लागलो. रूपेशने पिंजऱ्यात सुतळीने एक फळी बांधली, तिच्यावर मला ठेवलं आणि माझ्यात राळ्याचे दाणे भरले. मी छाती फुगवून बसलो. म्हटलं, आता बघा.

काय बघणार! मी मोठा होतो एवढंच. ठकीला पहारा करायला ऐसपैस जागा मिळाली. ती माझ्या काठावर गोल गोल फिरायची. निळे दोघं जरा धीट होते, ती पाठमोरी झाली की दोन दाणे चोरायचे. हरभऱ्या मात्र एकदा आला, त्याच्या पायाला चोच बसली आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला तो बसलाच. पिसं फुगवून, डोळे मिटून. चिमाबाई रोज येऊन माझ्यात डोकवायची. दाणे कमी झालेले असायचे. "जेवतायत सगळे," ती म्हणायची.

चौथ्या दिवशी सकाळी कुणालीने हरभऱ्याला हातात घेतलं तर त्याच्या छातीचं हाड बोटाला टोचलं. रूपेशने त्याला कागदाच्या खोक्यात घालून मुरबाडला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. दुपारी परत आला आणि दारातच म्हणाला, "आजारी नाय तो. उपाशी हाय. आज पोटात दाणे गेले नायत तर उद्या मरंल, असं सांगितलंन."

चिमाबाई ताडकन उठली. "माझ्या घरात उपाशी? वाडगा भरून ठेवते मी! डॉक्टर बैलांचा, त्याला पाखरांचं काय कळतंय?"

पण ती घाबरली होती. तिने हरभऱ्याला परत पिंजऱ्यात सोडलं, पुढ्यात पाट मांडला आणि झाडूची काडी घेऊन बसली. ठकी काठावर आली की, "सर गो भवाने, लेकराला खाऊ दे!" ठकी सरायची आणि काडी बाहेर गेली की परत यायची. हरभऱ्या हलेनासा झाला. कुणाली त्याच्यासमोर बसून रडत होती.

आणि मित्रांनो, माझ्याच्याने ते बघवेना. मी ठरवलं. एवढ्या वर्षांची अब्रू गेली तर गेली. मी सगळं बळ एकवटलं आणि फळीवरून खाली उडी मारली.

असा आवाज झाला, की समोरच्या घरातली म्हातारी माणसं शाळा सुटली समजून नातवंडांना बघायला बाहेर आली. मी पिंजऱ्याच्या तळाशी पालथा पडलो आणि दाणे चहूकडे उडाले. पाखरं फडफडली, मग एकेक करून खाली उतरली. ठकी एका कोपऱ्यात टिपायला लागली. निळे दुसऱ्या बाजूला. आणि हरभऱ्याच्या अगदी पायाशी मूठभर दाणे पडले होते. त्याने एक उचलला. मग दुसरा. ठकीने एकदा वर बघितलं, पण सगळ्या दाण्यांवर एकाच वेळी कसं बसणार? ती परत खायला लागली.

शिलाई मशीनवर बसलेली वंदना उठून आली. तिने पिंजऱ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नका."

"सांग की."

"सरस्वतीताई भरभर जेवायच्या. मी एका वाडग्यात त्यांच्यासंगं जेवले त्या प्रत्येक दिवशी अर्ध्या पोटानं उठले."

"अगो, पण वाडगा रिकामा व्हायचा ना?"

"व्हायचा."

"मग?"

"वाडगा रिकामा झाला एवढंच तुमी बघितलंत. कोण जेवलं ते इचारलं नाय."

चिमाबाईच्या हातातली काडी खाली गेली. मी पालथा होतो, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही ते बरं झालं. कारण मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. कुणाचे घास किती, हे वाडग्याला कळत नाही होय? पण लोक वाहवा करत होते, आणि मी गप्प बसलो होतो.

चिमाबाई आत गेली आणि पाच लहान वाट्या घेऊन आली. पिंजऱ्यात तिने त्या पंगतीसारख्या एका ओळीत मांडल्या. ठकी पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सगळ्यांना हुसकायला लागली.

"ही तर वाढपीणच झाली!" रूपेश हसला.

"पंगत नको, आई," वंदना म्हणाली. "एकीवर बसून दुसरी दिसता कामा नये." मग तिने पाचही वाट्या लांब लांब, सारख्या उंचीवर अडकवल्या. पाखरं चार आणि वाट्या पाच, म्हणजे कुणाला हुसकलं तरी त्याला जायला एक वाटी मोकळीच. मध्ये तिने ब्लाउज बेतायचा जाड पुठ्ठा उभा केला. कुणालीने वरईची कणसं ठिकठिकाणी बांधली, म्हणजे ठकीलाही पोट भरायला जरा कष्ट पडावेत.

दुसऱ्या दिवशी हरभऱ्या मेला नाही. तिसऱ्या दिवशी ओरडला. आठवड्यात त्याचं हाड बोटाला लागेनासं झालं. ठकीचा स्वभाव काही बदलला नाही, तिला पहारा करायला जागा उरली नाही एवढंच.

त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी चिमाबाईने वंदनाला स्वतः ताट वाढलं. भात, डाळ, सुकटीची चटणी. आणि समोर बसून राहिली.

"आई, तुमी जेवा ना."

"तू जेव गो. मी बघते."

वंदनाने मागून भात घेतला. दोनदा.

आता मी पिंजऱ्यात पाखरांच्या आंघोळीचं भांडं आहे. दोन बोटं पाणी, एका वेळी एकच गिऱ्हाईक. हुद्दा लहान असला तरी रुबाब तोच. आत्ताही ठकी माझ्या काठावर बसून पंख झटकते आहे. म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मुकं जनावर पाळा, पाखरू पाळा, पण भांडं भरलं की आपलं काम झालं असं समजू नका. कुणाच्या पोटात काय गेलं ते बघा. आणि वेळ आलीच, तर माझ्यासारखी आपली अब्रू पणाला लावून उडी मारायची हिंमत—

"उडी?" ठकी पाणी झटकत म्हणाली. "अरे, फळीची सुतळी मी तीन दिवस कुरतडत होते. आणि तू तर खाली जाताना 'आई गो' म्हणून बोंबललास!"