लेटिश भाषेचे सरकारी जाणकार

शामकांत जोशीला भिंगारच्या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या कारकुनीवरून काढून टाकलं. पण हे झालंच नाही असं धरून चालू. शामकांत स्वतः तसंच धरून चालला होता.

बेचाळीस साल होतं. छावणीत यानिस नावाचा कैदी होता. जर्मन बोटीवर इंजिन सांभाळायचा म्हणून पकडलेला, माणूस मात्र लाटव्हिया देशाचा. बायको मार्ता दुसऱ्या छावणीत. दोन वर्षांनी तिला भेटीला आणलं, तेही अर्ध्या तासासाठी. नियम असा, की कैदी ज्या भाषेत बोलतील ती समजणारा कारकून शेजारी बसला पाहिजे.

यानिस म्हणाला, आम्ही लाटव्हियन बोलणार. छावणीचे प्रमुख मेजरसाहेब, त्यांच्या भाषांच्या यादीत लाटव्हियन नव्हती, लेटिश होती. लेटिश हे तिचंच जुनं इंग्रजी नाव, असं यानिसने परोपरीने सांगितलं. साहेब म्हणाले, तुमचा देश आधी रशियाने खाल्ला, आता जर्मनीने. देशच उरला नाही तर भाषा कुठून उरणार? जर्मन बोला, नाहीतर गप्प बसा.

दोघांना जर्मन फाडफाड येत होती. दोघं गप्प बसली. एकमेकांकडे बघत, हट्टाने.

दारावर कर्जतकडचा सहादेव पहाऱ्याला होता. तो समोरच्या भिंतीला म्हणाला, "नवराबायकू हायेत. बोलू द्या की. आपलं काय जातंय?"

शामकांत उठला. लेटिश आपल्याला येते असं त्याने साहेबांना सांगितलं. ती यादीत होतीच, साहेबांना नाही म्हणता येईना, आणि त्याने दोघांच्या मधे खुर्ची टाकली. जोश्यांच्या घरी पोथी ऐकायची रीत ठरलेली: अर्थ लागो न लागो, वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने मान डोलवून "हं" म्हणायचं. मार्ता बोलू लागली. हं. यानिस बोलला. हं. मार्ता रडली तेव्हा सवयीने त्याच्या तोंडून "हरि हरि" निघालं. साहेबांनी ते लेटिश म्हणून टिपून घेतलं.

भेट संपल्यावर साहेबांनी विचारलं, "काय बोलले?"

"घरचं."

"नेमकं काय?"

"नेमकं घरचंच, साहेब. आणि जी भाषाच उरली नाही म्हणता, तिच्यातलं मी सांगू तरी कसं?"

साहेबांनी यानिसच्या भेटी बंद केल्या आणि शामकांतची नोकरीही. शामकांतला यातलं काही ऐकू आलं नाही. तो आपल्या टेबलाशी गेला, दौत पुढे ओढली आणि वळणदार अक्षरात लिहू लागला:

"सबब विनंती की, लाटव्हियन भाषा लेटिशशेजारी यादीत दाखल करावी, सदर जोडप्यास दर शनिवारी भेट मिळावी, आणि लाटव्हिया हा देश मूळ जागी परत ठेवून तसे उलट टपाली कळवावे."