गादीला पाठ

छत्रीबागेतल्या प्रतापरावांचा सगळा जन्म होळकर दरबारात चोबदारीत गेला. हातात चांदीचा दंड घ्यायचा आणि आत येणाऱ्याचं नाव पुकारायचं. संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही मध्य प्रदेशात विरघळला. प्रतापराव, म्हणजे अप्पा, घरी बसले. गेल्या आठवड्यात मात्र ते सकाळीच जुना कोट चढवून राजवाड्याकडे निघाले होते. शेजारच्या शशिकलाकाकूंनी कोपऱ्यावरून परत आणलं.

त्यांच्या मुलीला, पद्मजाला, सोमवारी झाबुव्याच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. अप्पांचं डोकं ठिकाणावर असेल तर जायचं, नसेल तर नोकरी सोडायची. आई गेली होती आणि घरात तिसरं कुणी नव्हतं.

"मेळ्यात ने त्यांना," काकू म्हणाल्या. "तिथे जुना दरबार भरवलाय म्हणे. खरा समजतात की नाटक, बघ एकदा."

रविवारी ती त्यांना घेऊन गेली. कापडी महिरपी, पुठ्ठ्याच्या ढाली, भाड्याचे अंगरखे. भाला तंबूला टेकवून एक शिपाई बिडी ओढत होता. गादीवर मिशा चिकटवलेले महाराज बसले होते. चुलीवरच्या दुधावर ठेवावी तशी पद्मजा अप्पांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होती.

अप्पा पुढे झाले. वाकून त्यांनी तीनदा मुजरा केला आणि गादीकडे तोंड ठेवून उलट्या पावली मागे येऊ लागले. लोक हसले.

"अरे भिया, बाबाजींना पण एक रोल देऊन टाक ना," शिपाई महाराजांना म्हणाला.

पद्मजाने त्यांचं कोपर धरलं आणि गर्दीतून वाट काढत त्यांना तसंच मागे नेलं. झालं, तिला वाटलं. त्यापुढे काहीच वाटलं नाही.

फाटकाबाहेर तिने विचारलं, "अप्पा, गादीवर कोण होतं?"

"दिनानाथ. मिलमधला टाइमकीपर. मिशी सुटत आली होती त्याची."

"मग मुजरा कशाला केलात?"

"गादी मांडलेली होती. समोर गेल्यावर पाठ कशी दाखवणार?"

"आणि त्या दिवशी कोट घालून निघालात ते?"

"सकाळी करायचं काय, सांग ना. कोट घातला की कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं. काकूंनी हात धरला. भर रस्त्यात वाद कुठे घालू?"

म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. नोकरी सोडायला आता कारण उरलं नव्हतं. असं कारण मिळावं म्हणूनच आपण त्यांना इथवर आणलं, हे तिला तेव्हा कळलं. कळूनही मनात काही हललं नाही.

"मी उद्या जाते," ती म्हणाली.

"जा."

घरी आल्यावर तिने ट्रंक उघडली. अप्पा दारात बसले.

"जेवणाचं?"

"काकूंना सांगते."

"तिखट फार घालतात त्या."

"कमी घाला म्हणून सांगते," पद्मजा म्हणाली आणि पुढच्या साडीची घडी घालू लागली.