मधमाश्यांचा ट्रक

उस्तादांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते एका मालट्रकखाली पाठीवर पडून गिअरबॉक्सचे बोल्ट आवळत होते. त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, व्हॅनमध्ये हत्यारं लावत होत्या. पाना जमिनीवर पडल्याचा आवाज आला, पण नेहमीसारखी शिवी आली नाही, म्हणून त्या वाकून बघायला गेल्या. या गोष्टीला सोळा महिने झाले होते. त्यात उस्तादांची उजवी बाजू लुळी पडली आणि भाषा तर सगळीच गेली. उरला तो एकच शब्द, ‘उद्या’.

चहा हवा का विचारलं तरी उद्या, नको असला तरी उद्या. आवाजाच्या चढउतारावरून अर्थ लावायचा. ओळखीचे ड्रायव्हर म्हणायचे, “ज्या माणसानं जन्मात कुणाचं काम उद्यावर ढकललं नाही, नेमका त्याच्याच वाट्याला हा शब्द यावा.” वाचा शिकवणाऱ्या बाईंनी वर्षभर खटपट केली आणि शेवटी हात टेकले.

रस्त्यात बंद पडलेल्या मोठ्या ट्रकांपाशी जाऊन त्यांची दुरुस्ती करायची, हा दोघांचा वीस वर्षांचा धंदा. वहिनींनी तो एकटीनं चालू ठेवला. वीस वर्षं पाने हातात देता देता त्या काम शिकल्या होत्या, आणि इंजिनातला बिघाड दाखवणारा स्कॅनर तर पहिल्यापासून त्याच वाचायच्या. उस्तादांना घरी एकटं ठेवणं जिवावर यायचं, म्हणून त्या त्यांना व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर बसवून नेत. काच खाली करून, पाण्याची बाटली डाव्या हाताशी ठेवून सांगत, “अहो, आलेच मी. तुम्ही निवांत बसा.”

त्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. बोलणारा माणूस घाबराघुबरा झाला होता. “ताई, ट्रक दहा मिनिटं चालतो आणि मरतो. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होतो. पुन्हा दहा मिनिटं. लवकर या. माल जिवंत आहे.”

“जनावरं आहेत?”

“मधमाश्या.”

ट्रक उघड्या रस्त्याच्या कडेला उभा होता. आसपास सावली नावाला नव्हती. मागे दोनशे पेट्या दोरांनी बांधलेल्या, त्यांच्यावर जाळी, आणि जाळीच्या आतून एकसारखा घूंऽऽ आवाज. मधवाला स्वतःच ट्रक चालवत होता. साठीचा, सडपातळ माणूस. तो बादलीनं जाळीवर पाणी मारत होता आणि एकीकडे माश्यांशीच बोलत होता. “जरा दम धरा गं. आल्या बघा ताई.”

मग वहिनींकडे वळून त्यानं सांगितलं, “गाडी चालती असली की वारा लागतो, मग यांना काही होत नाही. उभी राहिली की आतल्या आत उकडून मरतात. पहाटे निघालो होतो, नऊपर्यंत फुलांच्या मळ्यात पोहोचायचं होतं. आता दुपार झाली तर एक पेटी हाती लागायची नाही.”

वहिनींनी स्कॅनर जोडला. इंजिनला डिझेल कमी दाबानं मिळतंय, असं पडद्यावर आलं. फिल्टर काढला तर काळाकुट्ट. त्यांना हायसं वाटलं. नवा फिल्टर बसवला, हातपंप मारून पाइपातली हवा काढली आणि गाडी सुरू करायला लावली. इंजिन झोकात सुरू झालं. मधवाल्यानं हात जोडले. वहिनी पाने पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवत होत्या, तेवढ्यात इंजिननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

“उद्या,” व्हॅनमधून आवाज आला.

“हो हो, थांबा जरा,” वहिनी मागे न बघताच म्हणाल्या.

त्यांनी पाइप तपासले. कुठे गळती नव्हती, कुठून हवाही शिरत नव्हती. आता राहिला इंजिनचा डिझेल पंप. पंप गेला असेल तर तो रस्त्यावर उघडता येणार नव्हता. ट्रक ओढून वर्कशॉपला न्यायचा म्हणजे संध्याकाळ. जाळीखालचा आवाज आता चढला होता, आणि पुढच्या पेट्यांच्या तोंडाशी माश्यांचे घोसच्या घोस लोंबत होते. हे मधवाल्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, तेच वहिनींना कळेना.

“उद्या. उद्या. उद्या.”

“अहो, कळलं हो. उन्हाचा त्रास होतोय ना? पाणी प्या.”

व्हॅनचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. उस्ताद एकटेच खाली उतरले होते. सोळा महिन्यांत ते आधाराशिवाय कधी उतरले नव्हते. डाव्या हातात काठी, उजवा पाय जमिनीवर ओढत, एक एक पाऊल टाकत ते ट्रककडे यायला लागले. वहिनी धावल्या, तशी त्यांनी काठी उचलून त्यांना बाजूला सारलं. मधवाला बादली हातात धरून बघतच राहिला.

उस्ताद डिझेलच्या टाकीपाशी थांबले. काठीनं टाकीवर दोनदा ठोकलं. मग काठी बगलेत धरली, डाव्या हाताचा पंजा ओठांजवळ नेला आणि जोरात श्वास ओढून पंजा तोंडावर घट्ट चिकटवला. श्वास सोडला, हात खाली पडला. पुन्हा ओढला, पुन्हा चिकटवला. तोंड वाकडं झालेलं असल्यामुळे सगळी हवा एका कोपऱ्यातून निसटत होती, पण त्यांनी तेच तिसऱ्यांदा करून दाखवलं.

वहिनींची नजर त्यांच्या तोंडावरून टाकीकडे गेली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “टाकीत काहीतरी तरंगतंय. इंजिन डिझेल ओढतं तसं ते पाइपाच्या तोंडाशी चिकटतं. इंजिन बंद पडलं की सुटतं.”

“उद्या,” उस्ताद म्हणाले. इतक्या समाधानानं त्यांनी तो शब्द कित्येक दिवसांत उच्चारला नव्हता.

वहिनींनी टाकीवरचं गोल झाकण उघडलं. उस्तादांनी टॉर्च मागून घेतला आणि डाव्या हातानं आत उजेड धरला. त्यांचा तो हात जराही हलत नव्हता. वहिनींनी तारेचा आकडा करून आत सोडला. वाट चुकलेली एक माशी त्यांच्या मनगटाला डसली. त्या कळवळल्या, पण आकडा सोडला नाही. उस्तादांनी टॉर्च मधवाल्याकडे दिला, बायकोचं मनगट जवळ ओढलं, नखानं खरवडून काटा काढला आणि मनगटावर फुंकर घातली. मग टॉर्च परत घेतला. मधवाला उगाचच दुसरीकडे बघायला लागला.

चौथ्या प्रयत्नात आकड्याला ते लागलं. तळहाताएवढा चंदेरी कागदाचा तुकडा, ऑइलच्या डब्याच्या तोंडावर असतो तसला. कुणीतरी डबा उघडताना तो टाकीत पडला असणार.

या वेळी वहिनींनी हत्यारं आवरायची घाई केली नाही. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. ते एका लयीत चालत राहिलं. मधवाल्यानं जायच्या आधी विचारलं, “हे कोण, ताई?”

“हे उस्ताद,” वहिनी म्हणाल्या. “मी यांच्या हाताखाली काम करते.”

दुपारी मधवाल्याचा फोन आला. सात पेट्या गेल्या होत्या, बाकीच्या मळ्यात उतरल्या होत्या. वहिनींनी व्हॅन झाडाखाली उभी केली होती आणि दोघं डबा खात होते.

“एक सांगू का?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला बोलता येत नाही म्हणून मी विचारायचंच सोडून दिलं. सोळा महिने नुसतं बसवून ठेवलं तुम्हाला. पाणी प्या, निवांत बसा. चुकलंच माझं.”

उस्तादांनी डाव्या हातानं आपल्या पोळीचा अर्धा तुकडा तोडून वहिनींच्या डब्यात टाकला. लग्नानंतर पहिल्या भांडणाच्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं, आणि तेव्हा त्यांना बोलता येत होतं.

त्यानंतर व्हॅनमध्ये एक घडीची खुर्ची आली. वहिनी ती ट्रकच्या तोंडाशी मांडायच्या, स्कॅनरवरचा एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, “काय वाटतं?” कधी उस्ताद काठीनं दाखवायचे, कधी जमिनीवर रेघोट्या ओढायचे. पुढच्याच आठवड्यात एका डंपरवर दोघांचं चांगलंच वाजलं. वहिनी म्हणत होत्या टर्बोचा पाइप फाटलाय, उस्ताद काठीनं इंजेक्टर दाखवत होते आणि चढ्या आवाजात उद्या उद्या म्हणत होते. डंपरवाल्याला मध्ये पडावं की काय, सुचेना. शेवटी पाइपच फाटलेला निघाला. उस्ताद घरी पोहोचेपर्यंत फुगून खिडकीबाहेर बघत बसले, आणि गाडी चालवताना वहिनींना हसू काही आवरेना.