छबडी, ठमकी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनं गाणं आहे. मला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही आणि अडगळीच्या खोलीत माझ्यामुळे कुणाची अडचणही होत नाही. तरी माझी आबाळ व्हायची ती झालीच. तुम्ही मला अंगाई म्हणून ओळखत असाल.

'छबडी गं छबडी, दारात कोण?
वारा आला, वारा गेला, दुसरं कोण!'

हे ऐकत तुमच्यापैकी बरेच जण झोपी गेले असतील. त्याचा मला राग नाही. पण माझा जन्म कुणाला झोपवण्यासाठी झाला नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या धुलाईघरात झाला. तिथे रुग्णालयाच्या चादरी येत. त्या पिळायचं काम बायकांकडे होतं. चादरीचं एक टोक एकीच्या हातात, दुसरं समोरचीच्या. दोघींनी एकदम उलटा पीळ द्यायचा. ताल चुकला की चादर सुटे आणि तिचा ओला फटका थेट तोंडावर बसे. म्हणून एकीने प्रश्न गायचा आणि समोरचीने उत्तर. उत्तर द्यावंच लागे.

तिथल्या एका लाजऱ्या मुलीला सगळ्या छबडी म्हणत. तिचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा तिला न्यायला येणार होता. तिने पेटी भरली, बायकांचा निरोप घेतला, काहींच्या गळ्यात पडून रडलीसुद्धा, आणि घरी जाऊन दारात उभी राहिली. मुलगा आला नाही. का आला नाही, हे त्याने कळवलंही नाही. चार दिवसांनी छबडी पुन्हा कामावर.

चादरीचं दुसरं टोक ठमकीच्या हातात होतं. ठमकी बुटकी, ठसक्यात चालणारी, आवाजाने खणखणीत. तिच्या जिभेला हाड नव्हतं. पहिला पीळ देतादेता तिने विचारलं, "छबडी गं छबडी, दारात कोण?" छबडीने इकडेतिकडे पाहिलं. चादर ताणलेली होती. ती म्हणाली, "वारा आला, वारा गेला, दुसरं कोण!"

धुलाईघर पोट धरून हसलं. असा माझा जन्म झाला.

दुसऱ्या दिवशी मला दुसरं कडवं फुटलं. 'छबडी गं छबडी, पेटी भरली का?' 'भरली होती, उपसली पुन्हा, पुन्हा भरू का?' मित्रांनो, प्रश्न ठमकीचे असले तरी उत्तरं छबडीची आहेत. माझ्यात फार करुणा आहे असं जाणकार म्हणतात. ती कुठून आली ते आता तुम्हांला कळलंच.

ते माझे वैभवाचे दिवस होते. पुढे पिळायचं यंत्र आलं. बायका मला घरी घेऊन गेल्या आणि तान्ह्या बाळांना म्हणू लागल्या. पेटीच्या कडव्याने बाळं झोपत नसत, म्हणून ते गळालं. माझे दात पडले म्हणा ना. छबडीचं यथावकाश एका रंगाऱ्याशी लग्न झालं. तिने त्याला काही सांगितलं नाही आणि त्यानेही काही विचारलं नाही. मुलगा झाला, सून आली, नातवंडं झाली. सून धाकट्याला मला म्हणून झोपवी. त्या वेळी छबडी उठून स्वयंपाकघरात जाई आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवी.

मग एक संशोधक माझा मूळ पाठ शोधत निघाले. माझ्यातला वारा म्हणजे प्राण आणि दार म्हणजे देह, असा त्यांचा आधी ग्रह होता. पण माझ्या तालावरून माग काढत ते धुलाईघरापर्यंत पोचले, ही गोष्ट मी मान्य करतो. तिथल्या बायकांपैकी दोघीच हयात होत्या. आधी ते छबडीकडे आले. त्यांना तिचं फक्त कागदावरचं नाव ठाऊक होतं.

"आजी, या गाण्यातली छबडी खरोखरच कुणी होती का हो?"

सून दारातूनच म्हणाली, "सासूबाईंना नका विचारू. त्यांना हे गाणं सहनच होत नाही. आम्हांला कोडंच आहे ते."

"तू चहा टाक गं," छबडी म्हणाली. सून आत गेली. म्हातारीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. इतकी वर्षं झाकलेलं आता उघडं पडणार होतं, तेही आतल्या सुनेला ऐकू जाईल असं.

"छबडी नव्हतीच," ती हळूच म्हणाली. "ठमकी होती. नवरा तिचाच आला नाही. बाळाला म्हणायला गोड वाटावं म्हणून बायांनी नाव बदललं."

"ठमकी," संशोधक पुटपुटले. त्यांचे डोळे पाणावले. "अस्सल वाटतं हो."

"अस्सलच आहे. आणखी एक कडवं आहे, घ्या लिहून."

खातरजमा करायला ते ठमकीकडे गेले. ठमकीची आठवण पार गेली होती, आवाज मात्र शाबूत होता. 'ठमकी गं ठमकी, पेटी भरली का?' ऐकून ती खदखदून हसली. "हो हो, असंच होतं. काय बाई मूर्ख ती ठमकी." शेजारी तिची नात उभी होती. तिला सगळे 'ठमकीची नात' म्हणूनच ओळखत. ती हसली नाही.

पुस्तक निघालं. नव्या नावानिशी मी शाळेच्या पाठात गेलो आणि माझ्या अंगावर पुन्हा मूठभर मांस चढलं. ठमकीची नात त्याच शाळेत होती. मुलांनी मला तिच्या मागे लावायला अर्धा दिवससुद्धा घेतला नाही.

छबडी थोरल्या नातवाला आणायला शाळेत गेली, तेव्हा फाटकाशी घोळका जमला होता. मधोमध तिचा नातू.

"आजी, ती लपली बघ," तो म्हणाला. "आता पुढे काय म्हणायचं? कडवी संपली."

कुंपणाच्या भिंतीमागे ती मुलगी डोळ्यांना रुमाल लावून उकिडवी बसली होती. मुलांना दिसत नव्हती, छबडीला दिसत होती. मुलीनेही तिच्याकडे पाहिलं. वयस्क बाई आहे, काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असावं. छबडी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने नातवाचा गाल कुरवाळला.

"म्हण," ती म्हणाली. "ठमकी गं ठमकी, नात कुठे? भिंतीमागे, रुमाल ओला, बघा ना तिथे!"

मुलं तिकडे धावली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला नवं कडवं मिळालं, आणि तेही मूळ घराण्यातून. म्हणून एकच विनंती करतो. जुन्या गाण्यांची काळजी घ्या. आम्हांला कपाट नको, पुस्तक नको, सत्कार तर नकोच. एक नाव पुरतं. तुमच्या वर्गात तसं कुणीतरी असेलच.